पिंजऱ्यातील पैदास आणि रानाची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील जुन्या देवळांत सभामंडपाच्या फरशीवर, देवाच्या समोर, दगडी कासव कोरलेले असते. भाविक त्याला हात लावून मग गाभाऱ्याकडे वळतात. हातपाय आत ओढून घेणारे कासव म्हणजे इंद्रियनिग्रह, असा त्याचा अर्थ कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शहरांतील काही सुखवस्तू घरांत मात्र आज कासवाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाते. घरात जिवंत कासव ठेवले की पैसा टिकतो, अशी समजूत वास्तुशास्त्राच्या नावाखाली पसरली आहे, आणि तिच्यापायी रानातली कासवे काचेच्या पेटीत येऊन पडत आहेत.

कष्टकऱ्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कासवांच्या व सापांच्या व्यापारावर वेळ का घालवावा, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर तीन गोष्टींत आहे. पहिली ही की, हे प्राणी ज्या जमिनीवर जगतात ती बव्हंशी गायरान, माळ आणि सरकारदप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन असते. ग्रामीण गरिबांचाही तोच शेवटचा आधार आहे. दुसरी ही की, प्राणी पकडणारे हात बहुधा भूमिहीनांचे असतात आणि नफा दूरच्या व्यापाऱ्यांचा असतो. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या प्राण्यांना वाचवण्याचा जो उपाय आज मोठ्या आत्मविश्वासाने सुचवला जातो, तो कार्यकर्त्यांच्या ओळखीचा आहे. सामाईक वस्तूला खासगी मालक द्या, तिची किंमत बाजाराला ठरवू द्या, म्हणजे ती आपोआप टिकेल, असे तो सांगतो. पाणी, बियाणे आणि जंगल यांच्याबाबत हा युक्तिवाद अनेकदा ऐकून झाला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तो ‘बंदिस्त प्रजनन’ या नावाने पुढे येतो. त्याची परीक्षा करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

एका कासवाचा प्रवास

आपल्या देशातील तारांकित कासवाचे उदाहरण प्रथम घेऊ. बाजारात त्याला ‘स्टार कासव’ म्हणतात. काळसर पाठीवरील प्रत्येक उंचवट्यापासून पिवळ्या रेषा ताऱ्याच्या किरणांप्रमाणे फाकलेल्या असतात. गुजरात, राजस्थान व लगतचा पाकिस्तानचा भाग हा त्याचा एक प्रदेश. आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू हा दुसरा. आणि तिसरा श्रीलंकेत. काटेरी झुडपांचे कोरडे माळ आणि शेतांचे बांध ही त्याची वस्ती. वाळल्या गवतात त्याला दडवणारी नक्षीच त्याच्या मुळावर आली आहे. हा प्राणी आवाज करत नाही, पळत नाही, चावत नाही आणि दीर्घकाळ अन्नावाचून तग धरतो. त्यामुळे हातपाय चिकटपट्टीने बांधून, कपड्यांत गुंडाळून त्याला प्रवासी पेटीत घालणे तस्करांना सोपे जाते. चेन्नईच्या विमानतळावर अशा पेट्या वारंवार पकडल्या गेल्या आहेत. त्यांची दिशा बहुतेक वेळा आग्नेय आशियाकडे असते.

कायद्याचे संरक्षण नव्हते असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाचा समावेश होता, परंतु तो खालच्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत आणले. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘सायटिस’ करार १९७३ मध्ये झाला, १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. या करारात हे कासव आरंभापासून दुसऱ्या परिशिष्टात होते, म्हणजे परवान्यानिशी त्याचा व्यापार शक्य होता. २०१९ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत भारत, श्रीलंका, बांगलादेश व सेनेगल यांच्या प्रस्तावावरून ते पहिल्या परिशिष्टात गेले आणि रानातून आणलेल्या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणे बंद ठरला. तत्पूर्वी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, भारतातील केवळ एका व्यापारकेंद्रातून एका वर्षात किमान ५५ हजार तारांकित कासवे बेकायदा गोळा केली गेली. भारत आपल्या कासवांच्या निर्यातीला परवानगी देत नसताना हा आकडा आहे, हे ध्यानात घ्यावे.

पकडलेली कासवे जप्त झाली तरी प्रश्न संपत नाही. वायव्येकडील कासव आणि दक्षिणेकडील कासव यांच्यात आनुवंशिक भेद आहेत. शेकडो प्राणी एकाच पेटीत कोंबलेले असल्याने रोगांची लागण झालेली असते. कोणते कासव कोठून उचलले याची नोंद तस्कर ठेवत नाही. म्हणून त्यांना दिसेल त्या रानात सोडून देणे धोक्याचे ठरते, आणि जप्त केलेली कासवे बचावकेंद्रांत वर्षानुवर्षे अडकून पडतात. रानाच्या दृष्टीने ती गेल्यातच जमा असतात.

बाजाराचा युक्तिवाद

या परिस्थितीवर बाजारवादी अर्थशास्त्राचे उत्तर साधे आहे. लोकांना हे प्राणी हवे आहेत. बंदीने मागणी मरत नाही, फक्त किंमत चढते. चढलेली किंमत तस्कराला आमंत्रण देते. त्यापेक्षा परवानाधारक पैदासकेंद्रे उघडावीत. तेथे जन्मलेली पिल्ले बाजारात विपुल येतील, किंमत कोसळेल, चोरी परवडेनाशी होईल. शिवाय रानातील जात उद्या नष्ट झालीच, तर पिंजऱ्यांतून तिचे बीज शिल्लक राहील. युरोप-अमेरिकेतील अनेक हौशी पाळणाऱ्यांची यावर प्रामाणिक श्रद्धा आहे. त्यांच्यापैकी काहींनी सापांच्या व सरड्यांच्या प्रजननाविषयी मिळवलेले ज्ञान खरोखरच मोलाचे आहे. तेव्हा त्यांना तस्करांच्या रांगेत बसवून हा युक्तिवाद उडवून लावणे योग्य होणार नाही. तो तपासलाच पाहिजे.

पुरवठा वाढला की चोरी घटते, हा निष्कर्ष काही गृहीतांवर उभा आहे. पिंजऱ्यातील प्राणी रानातल्यापेक्षा स्वस्त पडला पाहिजे. परवाना तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोहोंतील फरक ओळखता आला पाहिजे. आणि वैध मालाच्या दर्शनाने मागणी वाढता कामा नये. यांतील एक गृहीत जरी ढासळले तरी निष्कर्ष उलटतो. प्रत्यक्षात तिन्ही ढासळलेली दिसतात.

खर्चाचा हिशेब

पहिले गृहीत खर्चाचे. कासव हा सावकाश वाढणारा प्राणी आहे. मादी वयात येण्यास अनेक वर्षे लागतात आणि एका वेळी ती थोडीच अंडी घालते. पैदास करणाऱ्याला या सर्व वर्षांचे अन्न, जागा, उष्णता, औषधोपचार आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज मोजावे लागते. रानातून कासव उचलणाऱ्याला यांपैकी कशाचाच खर्च येत नाही. त्या कासवाला वाढवण्याचा खर्च माळाने केलेला असतो आणि माळाचे बिल कोणी देत नाही. उरते ती फक्त पकडणाऱ्याची मजुरी. ज्या कोरडवाहू प्रदेशात उन्हाळ्याचे महिने काम मिळत नाही, तेथे ती मजुरी किती खाली जाते हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. ग्रामीण श्रम जितका स्वस्त, तितकी रानातली चोरी स्वस्त. मजुरीचा दर हा वन्यजीव संरक्षणातील एक निर्णायक घटक आहे. बाजारवादी मांडणीत मात्र तो आढळत नाही, कारण तिचे सारे लक्ष विकत घेणाऱ्याच्या किमतीकडे असते.

दुसरे गृहीत ओळखीचे. ‘सायटिस’ करारानुसार पहिल्या परिशिष्टातील प्राणीही नोंदणीकृत केंद्रात व्यापारासाठी जन्मलेला असेल, तर त्याला दुसऱ्या परिशिष्टातील मानून परवान्यावर विकता येते. या सवलतीमुळे कागदावरील एका शब्दाला प्रचंड किंमत आली. ‘रानातला’ हा शब्द खोडून ‘पिंजऱ्यात जन्मलेला’ असे लिहिले की चोरीचा माल व्यापारी माल ठरतो. इंडोनेशियातील हिरव्या वृक्ष-अजगरांच्या व्यापाराचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पैदासकेंद्रांत जन्मलेले म्हणून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले होते, असे त्यातून दिसून आले. काळ्या पैशाच्या बाबतीत जे काम बनावट कंपन्या करतात, तेच काम येथे पैदासकेंद्रांनी केले.

त्याच देशाने २०१४ मध्ये सहा कंपन्यांना पिंजऱ्यात पैदा झालेल्या तीस लाखांहून अधिक जिवंत ‘टोके’ पाली निर्यात करण्यास मंजुरी दिली. एवढ्या पाली खरोखर पैदा करायच्या, तर किती माद्या, किती खुराडी, किती मजूर आणि किती कीटक लागतील याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला. तेव्हा पाठवायची एक पाल वाढवण्याचा खर्च तिच्या बाजारभावाहून कितीतरी अधिक निघाला. तोट्याचा व्यवहार लाखोंच्या संख्येने कोणी करत नाही. म्हणजे माल दुसरीकडून येणार हे उघड होते. येथे गुप्तहेरांची गरज लागली नाही. वहीखात्याच्या साध्या बेरजेने काम झाले.

तिसरे गृहीत मागणीचे. गहू किंवा कापड महाग झाले की लोक कमी घेतात. दुर्मीळ प्राण्यांच्या हौशी बाजारात मात्र दुर्मीळपणा हाच विकाऊ गुण असतो. प्राणी जितका विरळ, तितकी त्याची किंमत अधिक. किंमत जितकी अधिक, तितका त्याचा पाठलाग अधिक. इंडोनेशियातील रोटी या बेटावरील लांब मानेच्या कासवाचे शास्त्रीय वर्णन स्वतंत्र जात म्हणून १९९४ मध्ये झाले. त्या क्षणापासून संग्राहकांच्या यादीत त्याची भर पडली आणि दशकभरात ते त्या बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले. म्हणून आज अनेक शास्त्रज्ञ नवी जात जाहीर करताना तिचे नेमके ठिकाण सांगण्याचे टाळतात. सह्याद्रीच्या कातळांवरून गेल्या काही वर्षांत पालींच्या अनेक नव्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. पिंजऱ्यात पैदा झालेला प्राणी या मागणीची भूक भागवत नाही. तो नव्या माणसाला हौस लावतो. मुरलेला संग्राहक पुढे रानातलाच दुर्मीळ नमुना मागतो.

या व्यापाराचा आवाका लहान नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार जगातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सुमारे ३६ टक्के जाती, म्हणजे ३,९०० हून अधिक, व्यापारात आहेत आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जातींवर कोणतेही आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही.

पैदास कोठे यशस्वी झाली

या विवेचनावरून बंदिस्त प्रजनन मुळातच निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नये. त्याने वाचवलेल्या जाती आहेत, आणि त्या कशा वाचल्या हेच खरे शिकण्याजोगे आहे.

पॅसिफिक महासागरात, इक्वाडोरच्या गॅलापागोस द्वीपसमूहात, एस्पान्योला नावाचे बेट आहे. तेथील महाकाय कासवांपैकी १९६०-७० च्या दशकांत केवळ १४ उरली होती: १२ माद्या आणि २ नर. ती सर्व सरकारी प्रजननकेंद्रात आणली गेली. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात असलेला त्याच जातीचा एक नरही परत मागवण्यात आला; ‘दिएगो’ या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. दरम्यान माणसांनी बेटावर सोडलेल्या आणि वनस्पती फस्त करणाऱ्या शेळ्या १९७८ पर्यंत तेथून पूर्णपणे काढल्या गेल्या. सुमारे दोन हजार पिल्ले वाढवून बेटावर सोडण्यात आली, आणि जानेवारी २०२० मध्ये उद्दिष्ट साध्य झाले म्हणून हा कार्यक्रम बंद झाला. त्याच वर्षी जूनमध्ये दिएगोसह १५ वृद्ध कासवे आपल्या बेटावर परतली. काम संपल्यावर स्वतःला बंद करणारे केंद्र, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य आहे. विक्रीवर चालणारे पैदासकेंद्र असे कधीच करू शकणार नाही. त्याचे ‘उद्दिष्ट’ संपणे म्हणजे त्याचा धंदा बुडणे.

याउलट अनुभव मादागास्करचा. तेथील ‘अंगोनोका’ हे जमिनीवरचे कासव बाली उपसागराच्या काठच्या छोट्याशा टापूतच आढळते. त्याच्यासाठी १९८६ पासून प्रजननकेंद्र चालवले गेले, पिल्ले यशस्वीपणे वाढली, काही रानातही सोडली गेली, १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु संग्राहकांचा बाजार तसाच उघडा राहिला. १९९६ मध्ये केंद्रातूनच ७५ कासवे चोरीस गेली. २०१३ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर एका खेपेत ५४ अंगोनोका सापडली. शेवटी या प्राण्यांच्या पाठीवर क्रमांक कोरण्याची पाळी आली, एवढ्यासाठी की ती विद्रूप दिसावीत आणि संग्राहकाला नकोशी व्हावीत. प्रजननाचे शास्त्र तेथे कमी पडले नव्हते. बाजारापुढे ते दुबळे ठरले.

आपल्या घडियालांची कथा या दोहोंच्या मधली. निमुळत्या लांब जबड्याची ही सुसर १९७० च्या दशकाच्या मध्यास जवळजवळ संपत आली होती. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने केंद्र सरकारने मगर-संवर्धन प्रकल्प सुरू केला. नदीकाठची अंडी गोळा करून पिल्ले वाढवली गेली, चंबळ नदी अभयारण्य झाली आणि हजारो घडियाल नद्यांत सोडले गेले. तरीही १९९७ ते २००६ या काळात प्रौढ घडियालांची संख्या निम्म्याहून अधिक घटली, आणि २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मेले. पिल्ले वाढवता आली. पण धरणांनी अडवलेले पाणी, वाळूचा उपसा आणि मासेमारीची जाळी यांवर प्रजननकेंद्राकडे उत्तर नव्हते. पुढे चंबळेत ही संख्या पुन्हा सावरली, कारण तेथे नदीचा एक मोठा पट्टा शिल्लक होता. ज्या नद्यांत तसा पट्टा उरला नाही तेथे सोडलेली पिल्ले टिकली नाहीत.

गोड्या पाण्यातील मगरींचे तर याहून विचित्र झाले. त्या पिंजऱ्यात इतक्या वाढल्या की सोडायला नद्या उरल्या नाहीत. मद्रासच्या मगरपेढीतील एक हजार मगरी गुजरातेत जामनगरच्या एका खासगी केंद्राला देण्याचे ठरले. त्याविरुद्धची याचिका २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळली. निर्णय कायदेशीर असेल, परंतु रानासाठी वाढवलेली संपत्ती रानाला परत देता येऊ नये आणि तिची अखेर मोठ्या भांडवलाच्या आश्रयाला जाण्यात व्हावी, हे संवर्धनाचे यश म्हणता येणार नाही.

मूल्य कोणाच्या हाती?

येथे बाजाराचे समर्थक ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. त्या देशाच्या उत्तर प्रांतात खाऱ्या पाण्यातील मगरी कातड्यासाठी बेसुमार मारल्या गेल्या होत्या. १९७१ मध्ये संरक्षण मिळाले, १९८० च्या दशकात नियंत्रित व्यापार सुरू झाला आणि आज तेथे मगरी विपुल आहेत. हा दाखला खरा आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. संरक्षण आधी आले, व्यापार नंतर. तेथील मगरपालन केंद्रे बरीचशी अंडी रानातील घरट्यांतून घेतात आणि त्यांचा मोबदला जमीनधारकांना, त्यांत तेथील आदिवासी समाजांना, मिळतो. घरटी राहिली तरच मोबदला, दलदल राहिली तरच घरटी. त्यामुळे दलदल राखण्यात तिच्यावर राहणाऱ्यांचे हित गुंतले.

पिंजऱ्यातील बंद पैदास नेमका हा दुवा तोडते. एकदा काही जोड्या परदेशातील केंद्रात पोहोचल्या की तारांकित कासवांना अनंतपूरच्या माळाची गरज उरत नाही. माळ नांगरला गेला, त्यावर कारखाना आला, तरी व्यापार चालूच राहतो. ज्यांच्या शिवारात तो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या राहिला त्यांना दमडी मिळत नाही आणि सारे मूल्य जोडीच्या मालकाकडे जाते. बियाण्यांच्या बाबतीत शेतकऱ्याचे जे झाले, तेच येथे गावाचे होते.

हा दुवा जोडून ठेवणारे मार्ग आपल्याकडेच आहेत. तामिळनाडूतील इरुळा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडण्यात निष्णात. एकेकाळी व्यापाऱ्यांसाठी ते सापांची कातडी पुरवत. १९७२ च्या कायद्यानंतर तो धंदा बंद झाला आणि ते उघड्यावर पडले. १९७८ मध्ये रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. सभासद नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे साप ठरलेल्या संख्येत पकडून आणतात. काही आठवडे ते माठांत ठेवून ठरावीक अंतराने त्यांचे विष काढले जाते, खूण केली जाते आणि साप पुन्हा रानात सोडले जातात. त्या विषापासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होते आणि ते बहुतांशी शेतात राबणाऱ्यांचेच प्राण वाचवते. ज्यांच्याकडे एकेकाळी कातडी विकणारे म्हणून पाहिले जाई, त्या समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राणी रानाचा, कौशल्य कामगारांचे, संस्था सभासदांची आणि उत्पादन समाजाच्या गरजेचे, अशी ही रचना आहे.

कोकणात वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत अंडी उबतात आणि पिल्ले त्याच समुद्रात जातात. २००६ पासून होणाऱ्या कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावातील घरांत होते. तेथेही पैसा आहे; पण एकही कासव विकले जात नाही. हे प्रयोग लहान आहेत, परवान्यांवर आणि हंगामावर अवलंबून आहेत, हे मान्य करूनही त्यांची दिशा स्पष्ट आहे.

कायदा आणि कार्यकर्ते

आता आपल्या देशातील धोरणाकडे वळू. देशी प्राणी पाळण्यास बंदी आहे. म्हणून हौस विदेशी प्राण्यांकडे वळली. आफ्रिकेतील अजगर, अमेरिकेतील इग्वाना, ऑस्ट्रेलियाचे दाढीवाले सरडे आज आपल्या महानगरांत विकले जातात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली आणि त्या काळात नोंद करणाऱ्याकडे उगमाची कागदपत्रे मागितली नाहीत. काळ्या पैशासाठी अभय योजना काढावी, तसाच हा प्रकार झाला. २०२२ च्या दुरुस्तीने ‘सायटिस’च्या तरतुदी आपल्या कायद्यात आल्या आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची खरेदी, जन्म, हस्तांतर व मृत्यू यांची नोंद बंधनकारक झाली. पाऊल योग्य आहे. परंतु नोंद म्हणजे पडताळणी नव्हे. पिल्लू नोंदले जाताना त्याचे मातापिता कोण, ते कोठून आले आणि त्या मादीला एवढी पिल्ले होणे शक्य आहे का, हे प्रश्न विचारले गेले नाहीत, तर इंडोनेशियातील कारखानदारी आपल्याकडेही कागदावर उभी राहील.

कार्यकर्त्यांनी काही मागण्या स्पष्टपणे धरून ठेवाव्यात. देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पैदासीला, ती कितीही ‘वैज्ञानिक’ नावाने आली तरी, व्यापारी परवाना मिळता कामा नये. जातीच्या अस्तित्वासाठी प्रजनन आवश्यक असेल तेथे ते सार्वजनिक संस्थेने करावे, प्राणी कोणत्या रानात परत जाणार हे आधी ठरवावे आणि काम संपताच केंद्र बंद करावे. विदेशी प्राण्यांच्या नोंदवह्या जनतेला पाहता याव्यात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. ती पोत्यात कासवे भरणाऱ्या मजुरापाशी थांबू नये, त्याला उचल देणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत आणि विमानाचे तिकीट काढणाऱ्यापर्यंत पोहोचावी. आणि कातडी व कासवे गोळा करून जगणाऱ्या समाजांना बंदीबरोबरच, बंदीनंतर वर्षांनी नव्हे, सहकारी रोजगार मिळावा. इरुळांना मधली वर्षे काढावी लागली ती पुन्हा कोणावर येऊ नयेत.

शेवटची मागणी जमिनीची आहे आणि तीच मुळाशी आहे. ‘पडीक’ हा महसुली शब्द आहे. निसर्गात तशी जमीन नसते. ज्या माळाला दप्तर पडीक म्हणते, त्यावर धनगराची मेंढरे चरतात, भूमिहीनाची बाई सरपण वेचते आणि झुडपाच्या सावलीला कासव अंडी घालते. तो माळ उद्योगपतीला देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा मेंढपाळ, मजूर आणि हा मुका प्राणी यांचे हित एकच असते. त्या दिवशी ग्रामसभेत गायरानाच्या बाजूने हात वर व्हावेत, एवढे जरी कार्यकर्त्यांनी साधले, तरी ते काम कोणत्याही पैदासकेंद्राहून मोठे ठरेल.